मधल्या वेळचें दुभतें आणि मुलांची बुद्धि

परीक्षेच्या दिवशीं मूल घराबाहेर पडूं लागलें म्हणजे घरांतील वडील बाई त्याच्या उजव्या हातावर चमचाभर दहीं घालते. मूल तें चाटतें, देवाला व वडील माणसांना नमस्कार करितें आणि निघतें. या दह्यानें गणितें सुटतात असें कोणीही मानीत नाहीं. तथापि घाईंत तें घालावयाचें राहून गेलें तर आईच्या मनाला पेपर सुटेपर्यंत चुटपुट लागून राहते, हेंही तितकेंच खरें. दूध, दहीं, लोणी आणि तूप यांचा बुद्धीशीं कांहीं तरी निकटचा संबंध आहे, ही समजूत आपल्या घरांतून इतकी मुरलेली आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेण्याचा प्रसंगच सहसा येत नाहीं. वाग्भटानें तुपाचे गुण सांगतांना धी, स्मृति आणि मेधा यांचा उल्लेख केला आहे. स्मरणशक्तीसाठीं ब्राह्मीघृत देण्याची वहिवाट वैद्यांत आहेच. आणि हल्लींच्या काळीं त्याच समजुतीच्या आधारावर दुधांत कालवावयाच्या डबाबंद भुकट्यांचा मोठा व्यापार चाललेला आहे.

मुलाच्या मधल्या वेळच्या खाण्यांत दुभत्याचा जिन्नस घातला असतां त्याच्या आकलनावर, स्मरणावर व अभ्यासावर खरोखर काय परिणाम होतो, हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं हाताळला आहे. त्यांच्या हातीं जें लागलें तें आमच्या वाचकांपुढें, व विशेषतः वाचक भगिनींपुढें, ठेवावें असा आमचा हेतु आहे. त्यांतील कांहीं भाग शाकाहारी घरांना रुचणार नाहीं. परंतु तेवढाच वगळून उरलेला सांगणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

आरंभीं एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. मेंदू हें मोठें खादाड इंद्रिय आहे. चार-पांच वर्षांचें मूल स्वस्थ पडलेलें असतां त्याच्या शरीरांत जी शक्ति खर्च होते, तिच्यापैकीं निम्म्याहून अधिक एकटा मेंदू घेतो. मोठ्या माणसाच्या बाबतींत हेंच प्रमाण पंचमांशाच्या आसपास असतें. शिवाय मुलाचें पोट लहान. एका जेवणांत जें मावेल तें पुढील सहा-सात तास पुरत नाहीं. म्हणून दोन जेवणांच्या मध्यें जें खाणें द्यावयाचें तो लाड नसून ती गरज आहे. आपल्या आज्यांनीं त्याला 'मधल्या वेळचें' असें सुटसुटीत नांव देऊन ठेविलें. दूधपोहे, दहींपोहे, ताकांतली उकड, साय-साखर लावलेली पोळी, शिळ्या भाकरीचा दह्यांत कुस्करून केलेला काला, हे सर्व त्या वेळचे मानकरी. शाळेंतून घरीं आलेलें मूल दप्तर टाकून प्रथम स्वयंपाकघरांत डोकावतें, याचें कारण त्याच्या स्वभावांत नसून त्याच्या शरीरांत आहे.

घरांत मुलाला दूध देतां येऊं नये ही गोष्ट बापाच्या मनाला किती लागत असे, याची साक्ष महाभारताच्या आदिपर्वांत सांपडते. श्रीमंतांचीं मुलें दूध पितांना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठीं रडूं लागला. तेव्हां सोबतच्या पोरांनीं त्याला पाण्यांत पीठ कालवून पाजलें, आणि आपण दूध प्यालों म्हणून तो आनंदानें नाचूं लागला. द्रोणाचार्य द्रुपदाच्या दारीं गेले ते तो प्रकार डोळ्यांनीं पाहिल्यानंतर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील विद्वानांना व पुढें तेथील सरकारलाही हीच टोचणी लागली. १९२२ ते १९२६ या काळांत डॉ. कॉरी मान यांनीं लंडनजवळील अनाथ मुलांच्या एका वसतिगृहांत प्रयोग केला. तेथील मुलांचें जेवण तत्कालीन मापानें पुरेसें समजलें जात होतें. कांहीं मुलांना त्या जेवणावर रोज एक पाइंट, म्हणजे सुमारें ५६८ मिलिलिटर, दूध अधिक देण्यांत आलें. नुसत्या जेवणावर असलेल्या मुलांचें वजन वर्षांत सरासरी ३.८५ पौंड व उंची १.८४ इंच वाढली. दूध मिळालेल्यांचें वजन ६.९८ पौंड व उंची २.६३ इंच वाढली. अहवालांत आणखी एक मौजेची नोंद आहे. दूध पिणारीं मुलें अधिक हुशारीनें वावरूं लागलीं आणि त्यामुळेंच त्यांच्या हातून खोड्याही अधिक होऊं लागल्या! ज्या घरांत मुलगे आहेत त्या घरांतील मातांना यांत नवल वाटणार नाहीं.

या व अशा प्रयोगांच्या बळावर १९३४ च्या कायद्यानें इंग्लंडांतील शाळकरी मुलांना अर्ध्या पेनींत तिसरा हिस्सा पाइंट दूध मिळूं लागलें, आणि १९४६ च्या कायद्यानें तें फुकट झालें. १९७१ सालीं सात वर्षांवरील मुलांचें फुकट दूध बंद करण्यांत आलें तेव्हां तेथें केवढा गहजब झाला हें पुष्कळांस ठाऊक असेल.

परंतु उंची आणि वजन म्हणजे कांहीं बुद्धि नव्हे. खेरीज, दूध प्यालेलें मूल वाढलें तें दुधानेंच वाढलें, हें ठरवावयाचें कसें? या बाबतींत स्कॉटलंडमधील लॅनर्कशर येथें १९३० सालीं जी फजिती झाली ती प्रत्येक आईनें ऐकण्यासारखी आहे.

तेथील ६७ शाळांतील वीस हजार मुलें निवडण्यांत आलीं. दहा हजारांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पाऊण पाइंट दूध द्यावयाचें, आणि उरलेल्या दहा हजारांना द्यावयाचें नाहीं. दोन्ही गटांचीं वजनें व उंची आरंभीं व शेवटीं घ्यावयाचीं, अशी योजना होती. केवढा हा खटाटोप! मुलें कोणत्या गटांत घालावयाचीं तें चिठ्ठ्या टाकून किंवा आडनांवांच्या वर्णानुक्रमानें ठरविलें होतें. पण एखाद्या गटांत धष्टपुष्ट अथवा हडकुळीं मुलें फार झालीं असें वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना ठेविली होती. शिक्षक झाले तरी माणसेंच. समोर उभीं असलेलीं गरिबाघरचीं रोड मुलें पाहून त्यांच्या पोटांत कालवलें असावें. तीं मुलें दुधाच्या गटांत अधिक गेलीं आणि खात्यापित्या घरचीं दुसऱ्या गटांत राहिलीं. परिणाम असा झाला कीं, आरंभींच बिनदुधाच्या गटांतील मुलें वजनानें व उंचीनें सरस होतीं. त्यांतून मुलांना वजनकांट्यावर उभें केलें तें अंगांतील कपड्यांसह. फेब्रुवारींत सुखवस्तु घरच्या मुलांच्या अंगावर जाड लोकरीचे कपडे, गरिबांच्या अंगावर बेताचेच. जूनमध्यें दोघांच्याही अंगावर हलके. म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचें वजन कपड्यांमुळेंच घटल्यासारखें दिसलें. डब्लिनच्या बीअरच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या व 'स्टूडंट' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या गॉसेट नांवाच्या गणितज्ञानें १९३१ सालीं हा सर्व घोटाळा उघडा करून दाखविला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेऊन प्रत्येक जोडींतील एकाला दूध दिलें असतें, तरी या वीस हजार मुलांहून अधिक भरंवशाचें उत्तर मिळालें असतें, असें त्यानें सुचविलें.

आम्हीं ही हकीगत विस्तारानें सांगितली याला कारण आहे. शेजारच्या घरचा मुलगा रोज दोन पेले दूध पितो व वर्गांत पहिला येतो, म्हणून आपल्या मुलाच्या मागें पेला घेऊन धांवणाऱ्या माता आपण नित्य पाहतों. ज्या घरांत रोज दोन पेले दूध मुलाच्या वांट्याला येतें, त्या घरांत बहुधा पुस्तकेंही असतात, अभ्यासाला स्वतंत्र कोपरा असतो, आणि मुलाचें न समजलेलें उदाहरण समजावून देण्यास वडील माणूसही असतें. यांपैकीं पहिला नंबर कोणाच्या पदरांत टाकावयाचा?

यापुढील काळांतील संशोधकांनीं अधिक सावधपणा दाखविला आणि प्रत्यक्ष अभ्यासाचीच परीक्षा घेतली. वेस्ट इंडिजमधील जमेका बेटावर खेड्यांतील सोळा शाळांत दुसरी ते पांचवींतल्या मुलांना एक शाळावर्षभर सकाळीं शाळेंतच न्याहारी देण्यांत आली. चॉकलेट घातलेलें दूध आणि चीज घातलेला पाव, असा तिचा बेत होता. तुलनेसाठीं निवडलेल्या मुलांना चतकोर संत्रें मात्र मिळे; अर्थात् जवळ बोलावणें, विचारपूस करणें हें दोघांच्याही वांट्याला सारखेंच येत होतें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचें फलित असें कीं, न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी व वाढ थोडी सुधारली, आणि त्यांतील लहान मुलांची गणितांत प्रगति झाली. वाचनांत व शुद्धलेखनांत मात्र फरक पडला नाहीं.

याच संशोधकांनीं त्यापूर्वीं चार शाळांत वर्गामध्यें बसून मुलांचें वागणें टिपलें होतें, व आमच्या मतें तें या विषयावरील एक मार्मिक निरीक्षण आहे. जेथें वर्ग वेगळे होते व शिकविण्याची घडी नीट बसलेली होती, तेथें न्याहारी केलेलीं मुलें कामांत अधिक लक्ष घालीत. जेथें दाटीवाटी व गोंगाट होता, तेथें तींच न्याहारी करून मुलें अधिक बडबड करूं लागलीं! पोटांत अन्न गेलें म्हणजे अंगांत जोर येतो; तो जोर पाटीवर खर्च व्हावयाचा कीं शेजाऱ्याला चिमटे काढण्यांत, तें दूध ठरवीत नाहीं.

आतां आपल्या प्रश्नाला अगदीं लागून असलेला प्रयोग पाहूं. आफ्रिकेंतील केनिया देशांत, केनिया पर्वताच्या उतारावरील एंबू या भागांतील बारा शाळांत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. शार्लट न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो १९९८ सालीं सुरू केला व सुमारें दोन वर्षें चालविला. पहिलींतील मुलांना शाळेंत मधल्या वेळचें खाणें द्यावयाचें होतें. तेथील नित्याचें अन्न म्हणजे 'गिथेरी', मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवून केलेला पदार्थ. एका गटाला ही गिथेरी खिमा घालून मिळे. दुसऱ्याला गिथेरी आणि सोबत पेलाभर दूध. तिसऱ्याला तेल अधिक घातलेली नुसती गिथेरी. तिन्ही गटांच्या खाण्यांतील उष्मांक सारखे राहतील अशी दक्षता घेतलेली होती. चौथ्या गटाला शाळेंत कांहीं दिलें जात नसे. त्या मुलांच्या घरीं मोबदला म्हणून एकेक शेळी देण्यांत आली.

मुलांच्या आकलनाचें माप घेण्यासाठीं रेव्हन यांच्या चित्रकोड्यांची परीक्षा घेतली. तींत शब्दज्ञान लागत नाहीं. आकृत्यांतील क्रम ओळखून रिकामी जागा भरावयाची असते. या परीक्षेंत मांसाच्या गटानें इतर तिन्ही गटांना मागें टाकिलें. दुधाच्या गटाला या बाबतींत कांहींच आघाडी मिळाली नाहीं. अंकगणितांत मांसाचा व तेलाचा गट चौथ्या गटाच्या पुढें गेला. शब्दार्थाच्या परीक्षेंत कोणाचाच फरक दिसला नाहीं. दुधाच्या गटांतील जीं मुलें मूळचीं खुजीं होतीं त्यांची उंची मात्र अधिक वाढली. पुढें २०१४ सालीं याच मुलांच्या शाळेंतील परीक्षांचे गुण तपासून प्रसिद्ध झाले, तेव्हां दुधाची बाजू कांहींशी सांवरली. मांसाचा गट तेथेंही पहिलाच. परंतु दूध पिणारीं मुलें नुसती गिथेरी खाणाऱ्यांच्या व कांहींच न मिळालेल्यांच्या पुढें होतीं.

शाकाहारी घरांना रुचणार नाहीं असें जें आम्ही म्हणालों तें हेंच. पिढ्यान्‌पिढ्या आपण अशी समजूत करून घेतली आहे कीं, आपल्या ताटांत मांस नसलें तरी वाटींत दूध आहे, तेव्हां कांहीं उणें राहत नाहीं. आम्ही कोणास आपला आचार सोडा असें सांगत नाहीं, व सांगण्याचें कारणही नाहीं. परंतु दूध ही मांसाची तंतोतंत भरपाई आहे, हा भ्रम मात्र सोडलाच पाहिजे. दुधांत प्रथिनें उत्तम आहेत, कॅल्शियम विपुल आहे; पण लोह जवळजवळ नाहीं. एक लिटर गाईच्या दुधांत लोहाचें प्रमाण अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतें, आणि शाळकरी मुलाच्या अन्नांतून दररोज दहा मिलिग्रॅमहून अधिक लोह जावें लागतें. इतकेंच नव्हे, तर जेवणाबरोबर घेतलेलें दूध त्या जेवणांतील लोहही पूर्णपणें अंगीं लागूं देत नाहीं.

आणि लोहाचा बुद्धीशीं असलेला संबंध दुधाच्या संबंधापेक्षां पुष्कळ बळकट पुराव्यानें सिद्ध झालेला आहे. रक्तांत लोह कमी असलेल्या मुलाचें लक्ष टिकत नाहीं, तें लवकर थकतें, चिडतें. आणि अगदीं तान्हेपणीं ही उणीव दीर्घकाळ राहिली तर तिचा ठसा पुढें कित्येक वर्षें दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें या वयाच्या मुलांपैकीं शंभरांत ६७ मुलें रक्तक्षय झालेलीं आढळलीं. हीं सर्व कांहीं उपाशी घरचीं नव्हेत.

आमच्या परिचयांतील एका सुशिक्षित घरीं साडेतीन वर्षांचा मुलगा होता. जेवणाच्या नांवानें रडे, म्हणून आई त्याला दिवसांतून पांच-सहा वेळां बाटलींतून दूध देई. मूल गोरेंपान व गुबगुबीत. येणारे-जाणारे कौतुक करीत. बालवाडींतील बाईंनीं मात्र तक्रार केली कीं, हा कोपऱ्यांत बसून राहतो, खेळत नाहीं, सांगितलेलें ध्यानांत ठेवीत नाहीं. डॉक्टरांनीं डोळ्याची पापणी खालीं ओढून पाहिली व रक्त तपासण्यास सांगितलें. गोरेपण तें गोरेपण नव्हतेंच; तो पांढुरकेपणा होता. दुधानें पोट भरलेलें असल्यामुळें वरण, भाजी, भाकरी यांना जागाच उरली नव्हती. दूध बेताचें केलें, लोहाचें औषध सुरू केलें, आणि दोन-तीन महिन्यांत मूल अंगणांत धांवूं लागलें. लहान मुलाला दिवसाकाठीं अर्ध्या लिटरहून अधिक दूध देऊं नये असें बालवैद्य सांगतात तें याचसाठीं.

म्हणून दुभत्याची खरी जागा मधल्या वेळींच आहे, मुख्य जेवणांत नव्हे, असें आमचें मत झालें आहे. जेवणांत मटकी, हरभरे, चवळी, पालेभाजी असावी व तिच्यावर लिंबू पिळलेलें असावें. लिंबाच्या व आवळ्याच्या आंबटपणाबरोबर जें जीवनसत्त्व येतें तें धान्यांतील व भाजींतील लोह अंगीं लावण्यास मदत करितें. दूध, दहीं हीं त्यानंतर दोन-तीन तासांनीं द्यावीं. अळिवाची खीर आपण मोठ्या प्रेमानें करितों; परंतु अळिवांतील लोहाच्या दृष्टीनें पाहिलें तर दुधांतल्या खिरीपेक्षां नारळ-गुळांत वळलेला अळिवाचा लाडू सरस ठरावा. मुलांना चहा देण्याची जी नवी रीत घरोघर पडली आहे ती तर दोन्ही बाजूंनीं तोट्याची. त्यांत दूध नांवापुरतें असतें, आणि चहांतील तुरट द्रव्य लोहाला अडवितें तें वेगळेंच.

कांहीं मुलांना दूध प्याल्यावर पोट फुगून गुरगुरतें, मुरडा येतो. त्यांना हट्टी समजून नाक दाबून दूध पाजूं नये. दुधांतील साखर पचविणारा रस वाढत्या वयाबरोबर पुष्कळ माणसांत कमी होत जातो. विरजणाच्या क्रियेंत ही साखर कांहीं अंशीं खर्ची पडते, म्हणून अशा मुलांना दहीं, ताक अथवा चीज बहुधा सोसतें. पोटांत कळ येत असतां कोणालाही अपूर्णांक समजत नाहींत.

भुकट्यांविषयीं थोडक्यांतच सांगतों. त्यांतील कित्येकांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साखर असते. डब्यावरील कोष्टक बारीक अक्षरांत असलें तरी वाचावें. एप्रिल २०२४ मध्यें केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्यानें इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या दुकानांना अशीं पेयें 'आरोग्यपेय' या सदरांतून काढून टाकण्याची सूचना दिली, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत आरोग्यपेय म्हणून कशाचीच व्याख्या नाहीं. पेढे, बर्फी, आइस्क्रीम व गोड दह्याचीं डबडीं हीं सणासुदीला असावींत. त्यांना अभ्यासाचें साहित्य समजूं नये. तुपाबद्दल म्हणाल तर घांस मऊ करणें, चव आणणें व शक्ति पुरविणें हें तें उत्तम करितें, आणि खात नसलेलें मूल तुपामुळें चार घांस अधिक खातें. परंतु ज्या एका द्रव्यासाठीं शाकाहारी माणसाला दुभत्यावांचून गत्यंतर नाहीं, तें द्रव्य तुपांत उरत नाहीं.

तें द्रव्य म्हणजे बी-१२ हें जीवनसत्त्व. रक्त तयार होण्यास व मज्जातंतूंवरील वेष्टन नीट राहण्यास तें लागतें. धान्यांत, कडधान्यांत, फळांत अथवा भाजींत तें मिळत नाहीं. मांस, मासे, अंडीं आणि दूध यांतच मिळतें. केनियांतील प्रयोगांतही मांस व दूध या दोन्ही गटांच्या रक्तांत बी-१२ सुधारलें होतें. आपल्याकडील शाकाहारी माणसांत त्याची उणीव सर्रास आढळते, कारण दूध घरांत येतें खरें, पण चहांत, मुलांच्या पेल्यांत आणि पातळ ताकांत वांटलें जाऊन एकेकाच्या पोटांत जातें तें फारच थोडें. दूध फार वेळ उकळल्यानेंही या जीवनसत्त्वाचा कांहीं अंश नाहींसा होतो. पुण्यांत शाकाहारी तरुणांना नियमानें रोज दूध देऊन पाहिलें तेव्हां त्यांच्या रक्तांतील बी-१२ वाढलें, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें आहे. ज्यांची उणीव खोलवर गेलेली आहे त्यांनीं मात्र दुधावर विसंबून न राहतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध घ्यावें.

आणि येथेंच, इतका वेळ मुलाच्या पेल्याकडे पाहत असलेली आमची दृष्टि दुसरीकडे वळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी सुरू केली. त्या स्त्रियांचें रक्त जपून ठेविलेलें होतें. त्यांचीं मुलें नऊ वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांची परीक्षा घेतली. गरोदरपणीं ज्या मातांच्या रक्तांत बी-१२ फार कमी होतें, त्यांचीं मुलें लक्ष टिकवून ठेवण्याच्या व ऐकलेले अंक उलट क्रमानें सांगण्याच्या परीक्षांत, ज्यांच्या मातांच्या रक्तांत तें भरपूर होतें त्या मुलांच्या मागें पडलीं. २००८ सालीं हें प्रसिद्ध झालें. म्हणजे मुलाच्या ध्यानाचा व स्मरणाचा कांहीं भाग त्याच्या हातीं पहिला पेला येण्यापूर्वींच ठरत असावा.

आपल्या घरांतून दूध कसें वांटलें जातें तें आठवून पाहावें. पहिला वांटा घरांतील कर्त्या पुरुषाच्या चहाला. दुसरा मुलाला, कारण त्याला अभ्यास आहे. साय विरजणाला, लोणी-तुपासाठीं. मुलीला 'तुला ताक आवडतें ना?' म्हणून ताक, आणि तिला तें आवडतें असें ती स्वतःही मानूं लागते. सर्वांचीं पानें झाल्यावर उरलेल्या भातावर आई जें ओतून घेते त्यांत ताक किती व पाणी किती हें तिचें तीच जाणे. सून गरोदर असली तर डोहाळजेवणाला केशरी दूध होतें, हें खरें; पण तोंवर पोटांतील मुलाच्या मेंदूचा व मज्जेचा पाया घालून बराच काळ लोटलेला असतो. मुलाच्या बुद्धीसाठीं म्हणून जो पेला आईनें स्वतःच्या तोंडचा काढून त्याला दिला, तो त्याच्या जन्माआधीं तिनें प्यालेला असता तर त्याचा उपयोग कदाचित् अधिक झाला असता!

पुण्याच्या त्या पाहणींतील मुलें १९९३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जन्मलीं. तीं वाढून किशोरवयांत आल्यावर २०१२ सालीं त्यांच्यापैकीं कांहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यास आरंभ झाला, कांहींना त्याबरोबर इतरही पोषक द्रव्यें, आणि कांहींना तुलनेसाठीं निर्गुण गोळी. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे डोळ्यालाही न दिसणारी मात्रा. पुढें त्यांतील मुलींचीं लग्नें झालीं व त्यांना मुलें झालीं. हीं नातवंडें दोन वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांच्या समजेची व भाषेची परीक्षा घेण्यांत आली, आणि ज्या आयांना लग्नापूर्वींपासून नुसतें बी-१२ मिळालें होतें, त्यांचीं मुलें निर्गुण गोळी मिळालेल्यांच्या मुलांहून दोन्ही बाबतींत पुढें दिसलीं. मुलांची संख्या मोठी नाहीं, म्हणून आणखी पडताळे होईपर्यंत हा निर्णय अखेरचा समजूं नये. तोंपर्यंत निदान एवढें करतां येण्यासारखें आहे: संध्याकाळीं शाळेंतून आलेल्या भावापुढें दुधाचा पेला ठेवतांना, त्याच्या बहिणीपुढें व तिच्या आईपुढेंही तेवढाच भरलेला पेला ठेवावा.